वर्दी ते पाणी

संध्याकाळच्या गर्दीत ठाण्यातल्या बाळकूमच्या अग्निशमन केंद्रातून बंब निघतो आणि घोडबंदर रोडवर येतो. गाड्या बाजूला व्हायला बघतात, पण सरकायला जागाच नसते.

वर्दी, म्हणजे मदतीसाठीची खबर मिळाली, गाडी निघाली, गाडी पोहोचली. अग्निशमन दलाचं काम आपण या तीन वेळांवरून तोलतो. आगीवर पहिलं पाणी कधी पडलं, ही चौथी वेळ मात्र कुणी विचारत नाही.

समजा, आग अठराव्या मजल्यावर आहे. बंब गेटमधून आत शिरतो, तर वळणावर दोन कार आडव्या. वॉचमन इंटरकॉमवर मालक शोधत बसतो. वर पोहोचलेले जवान लाल पेटी उघडतात. होज आहे, नोझल गायब. व्हॉल्व्ह फिरवला तरी पाणी नाही, कारण तळघरातला पंप कुणीतरी 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर टाकून ठेवलाय. ही सगळी मिनिटं शेवटी दलाच्याच माथी मारली जातात. हा अन्याय आहे.

2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीने ते दिलंय का? आणि सही करण्याआधी पंप खरंच चालवून बघितला होता का?

दलाला फक्त आगीच्याच वर्द्या येत नाहीत. पावसात कोसळलेलं झाड, रस्त्यावर सांडलेलं ऑइल, मांज्यात अडकलेली घार, सगळीकडे हेच जवान धावतात. 4 एप्रिल 2013 ला शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. तिथे पाण्याच्या फवाऱ्याचा काय उपयोग? तिथे हवे होते काँक्रीट कापणारे कटर, आणि स्लॅबखालचा आवाज ओळखणारे तयार कान. त्या तयारीचा हिशेब पोहोचण्याच्या मिनिटांत कसा लागणार?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत आहे. म्हणून मागणीही महापालिकेकडेच: प्रत्येक वर्दीच्या चारही वेळा प्रभागनिहाय जाहीर करा. उशीर झाला असेल, तर कारण लिहा. ट्रॅफिक, आडवी कार, बंद पंप की अपुरे जवान, जे असेल ते. नवं केंद्र कुठे उभारायचं, भरती कुठे करायची आणि नोटीस कोणत्या सोसायटीला धाडायची, हे त्या नोंदींवरूनच ठरवता येईल.