घाई न केलेला बचावपटू : केल मकारची पहिली वर्षे

[दृश्य : शिकागो, युनायटेड सेंटर. सामन्याचे चित्रण, आधी मूळ वेगात.]

4 जानेवारी 2022. कोलोराडो ॲव्हलांच आणि शिकागो ब्लॅकहॉक्स यांचा सामना बरोबरीत राहून जादा वेळेत गेला आहे. जादा वेळेत दोन्ही संघांचे तीन-तीनच खेळाडू बर्फावर असतात. त्यामुळे मोकळी जागा पुष्कळ मिळते, पण चूक झाली तर ती सावरायला मागे कोणी उरत नाही. पक, म्हणजे रबराची चपटी चकती, आठ क्रमांकाच्या खेळाडूकडे आहे. शिकागोचा कर्बी डाक त्याला अडवायला येतो. आठ क्रमांकाचा खेळाडू पुढे झेपावतो, क्षणार्धात पाती बर्फात रोवून थांबतो आणि उलटा वळतो. डाक मात्र स्वतःच्याच वेगाने भलतीकडे निघून जातो. त्यानंतर समोर फक्त गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी राहतो, आणि पक त्याच्या अंगावरून जाळ्याच्या छताला लागतो.

[दृश्य : तेच चित्रण, संथ गतीत. स्केटच्या पात्यांवर रोख.]

आता फक्त पायांकडे पाहावे. आइस हॉकीच्या स्केटचे पाते खालून सपाट नसते. घासताना त्याला मधोमध उथळ पन्हळ ठेवलेली असते, त्यामुळे प्रत्येक पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. खेळाडूचा तोल, वळण आणि थांबणे हे सगळे या दोन धारांवर चालते. बहुतेक खेळाडू दिशा बदलण्याआधी वेग कमी करतात, आणि समोरच्याला तेवढीच सूचना पुरते. या खेळाडूचा वेग वळताना कमी होत नाही, त्याचे खांदे एक दिशा सांगतात आणि कंबर दुसरीकडे वळलेली असते. कबड्डीत कसलेला चढाईपटू मध्यरेषेपलीकडे गेल्यावर बचाव करणाऱ्यांना जसा खांद्याच्या हालचालीने फसवतो, तसेच हे आहे. फरक इतकाच, की येथे पायाखाली बर्फ आहे.

हा केल मकार. तो आघाडीचा खेळाडू नाही, बचावपटू आहे, आणि ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढचे सगळे पाहायला हवे.

[दृश्य : मैदानाचे वरून घेतलेले चित्रण. दोन निळ्या रेषा.]

नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे मैदान सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद असते. गोलरक्षकाशिवाय पाच जण खेळतात, त्यांत दोन बचावपटू. एका फेरीत पाऊण मिनिटभर जिवाच्या आकांताने धावायचे आणि मग बाकावर येऊन पुढच्या जोडीला जागा द्यायची, अशी या खेळाची रीत आहे. बचावपटूला अंगावर येणाऱ्या आक्रमकाकडे तोंड ठेवून उलटे स्केटिंग करावे लागते, त्याच्यातले आणि आपल्यातले अंतर हाताबाहेर जाऊ न देता त्याला कडेला रेटावे लागते, आणि पक मिळाला की मान वर करून पुढच्या एका सेकंदात कोण कोठे असेल हे ओळखावे लागते. आघाडीच्या खेळाडूची चूक सावरायला त्याच्यामागे माणसे असतात, तर बचावपटूच्या चुकीमागे फक्त गोलरक्षक असतो. म्हणूनच ही जागा पिकायला वेळ घेते, आणि बचावपटू घडवताना हा वेळ देणे हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे आम्हांला हे चित्रण जुळवताना पुन्हा पुन्हा जाणवले.

[दृश्य : कॅल्गरी शहर, हिवाळा. नंतर महामार्ग, सपाट गवताळ प्रदेश.]

मकारचा जन्म 30 ऑक्टोबर 1998 रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कॅल्गरी शहरात झाला. या भागात गुणी मुलापुढे पंधरा-सोळाव्या वर्षीच एक ठरलेली वाट उघडते. कॅनडात मेजर ज्युनियर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन मोठ्या लीग आहेत. त्यांतील पश्चिमेकडची लीग किशोरवयातच मुलांची निवड करते, आणि मकारचे हक्क मेडिसिन हॅट टायगर्स या संघाकडे होते. तेथे मोठी प्रेक्षागृहे, लांबलांबचे बसप्रवास, एनएचएलसारखे भरगच्च वेळापत्रक आणि सामन्यागणिक हजर राहणारे निवडकर्ते मिळतात. एनएचएलमध्ये जाण्याची ती रुळलेली वाट होती.

मात्र त्या काळात या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याला दुसरी एक वाट बंद होत असे. मेजर ज्युनियर खेळाडूंना भत्ता मिळतो आणि त्यांच्यात काही जण एनएचएलशी करार झालेलेही असतात; या कारणाने अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडासंघटना, म्हणजे एनसीएए, त्या लीगमध्ये खेळलेल्यांना व्यावसायिक मानून विद्यापीठाच्या संघांपासून दूर ठेवत असे. विद्यापीठात शिकत खेळायचे असेल तर मेजर ज्युनियरला नकार देणे भाग होते, आणि हा निर्णय मुलाला मिसरूडही फुटलेली नसताना घ्यावा लागे. मकारने विद्यापीठाची वाट मोकळी ठेवली. त्यासाठी त्याला एक पायरी खालच्या समजल्या जाणाऱ्या अल्बर्टा ज्युनियर हॉकी लीगमध्ये खेळावे लागले, आणि त्याचा संघ होता ब्रूक्स बँडिट्स.

[दृश्य : ब्रूक्स. मुख्य रस्ता, मांसप्रक्रिया कारखाना, हॉकीचे सभागृह.]

ब्रूक्स हे कॅल्गरीच्या आग्नेयेला, महामार्गालगत वसलेले जेमतेम पंधरा हजार वस्तीचे गाव. गावाचा मोठा रोजगार गोमांस प्रक्रियेच्या कारखान्यात आहे, आणि त्या कामासाठी आफ्रिकेतून आणि आशियातून आलेल्या अनेक कुटुंबांनी येथे घरे केली आहेत. हिवाळ्यात चारही बाजूंनी वारा लागतो, आणि सामन्याच्या संध्याकाळी गाडीतळ भरलेला असतो.

या गावात मकार पूर्ण दोन हंगाम खेळला. पहिल्या हंगामात, 2015-16 मध्ये, त्याने 54 सामन्यांत गोल आणि साहाय्य (सहकाऱ्याच्या गोलाआधीचा पास) मिळून 55 गुण मिळवले. दुसऱ्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत त्याचे 75 गुण झाले, आणि त्यांत 24 गोल स्वतःचे होते. बचावपटूच्या नावावर असे आकडे लागले की त्या लीगचा दर्जा हलका असेल, अशी शंका घेतली जाते, आणि त्या वेळी ती घेतलीही गेली. मात्र त्या चित्रणाकडे नीट पाहिले तर दिसते, की येथे त्याला पक जवळ ठेवून विचार करायला उसंत मिळत होती. तो प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या सीमेवरील निळ्या रेषेवर पक घेऊन आडवा सरकत राहतो, समोरच्याला हलायला भाग पाडतो, आणि चूक झाली तर पुढच्या फेरीत पुन्हा तेच करून पाहतो. त्याची उंची सहा फुटांना एक इंच कमी होती आणि अंगही भरलेले नव्हते. मोठ्या लीगमध्ये याच वयात त्याला पक मिळताच मैदानाच्या कडेच्या काचेवर मारून मोकळे व्हायला शिकवले गेले असते, असे आम्हांला वाटते.

[दृश्य : शिकागो, जून 2017. निवडीचे व्यासपीठ.]

याच युनायटेड सेंटरमध्ये 23 जून 2017 रोजी एनएचएलची वार्षिक निवड झाली; तीत संघ ठरलेल्या क्रमाने तरुण खेळाडू निवडतात. कोलोराडो ॲव्हलांच संघाने आदल्या हंगामात 82 सामन्यांत फक्त 48 गुण मिळवले होते आणि तक्त्यात तो सर्वांत तळाला होता. तळाच्या संघाला पहिल्या निवडीची सर्वाधिक संधी असते, पण प्रत्यक्षात क्रम सोडतीने ठरतो. त्या सोडतीत कोलोराडो चौथ्या क्रमांकावर घसरला. निको हिशियर, नोलन पॅट्रिक आणि मिरो हेस्कानेन यांची नावे पुकारली गेली, आणि चौथे नाव मकारचे होते. कोलोराडो संघाच्या डेन्व्हर शहरात त्या दिवसांत नशीब फिरल्याची हळहळ होती. आज मागे वळून पाहता, ती सोडत त्या संघाला इतकी लाभली, की तिच्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

[दृश्य : ॲमहर्स्ट, पानगळ. विद्यापीठाचा परिसर, नंतर मलिन्स सेंटर.]

निवड झाली म्हणून तो डेन्व्हरला गेला नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संघाला त्याने पूर्वीच शब्द दिला होता. मधल्या काळात तेथील प्रशिक्षक बदलले, तरी तो शब्द त्याने मोडला नाही. नवे प्रशिक्षक ग्रेग कार्व्हेल यांच्या पहिल्या हंगामात, म्हणजे मकार येण्याच्या आदल्या वर्षी, या संघाने 36 सामन्यांपैकी फक्त 5 जिंकले होते. एनएचएलच्या निवडीत चौथा आलेला मुलगा अशा संघात जातो, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले.

विद्यापीठाच्या हॉकीची घडी वेगळी असते. सामने बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी होतात, हंगामातील सामने मेजर ज्युनियरच्या साधारण निम्मे असतात, आणि आठवड्याचे उरलेले दिवस वर्ग, सराव आणि व्यायामशाळा यांत जातात. ज्या खेळाडूच्या अंगात अजून ताकद यायची आहे, त्याला हे मधले दिवस फार उपयोगी पडतात. समोर खेळणारी मुलेही वीस-बावीस, कधी चोवीस वर्षांची, भरलेल्या अंगाची असतात. पहिल्या हंगामात मकारने 34 सामन्यांत 21 गुण मिळवले. चांगले होते, पण डोळे दिपवणारे नव्हते.

[दृश्य : बफेलो, डिसेंबर 2017. उघडे मैदान, जोराची हिमवृष्टी.]

त्याच हिवाळ्यात बफेलो येथे वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. 29 डिसेंबर 2017 रोजी कॅनडा आणि अमेरिका यांचा सामना फुटबॉलच्या उघड्या मैदानात बर्फ तयार करून खेळवला गेला; या स्पर्धेच्या इतिहासात उघड्यावर झालेला हा पहिलाच सामना. पडणाऱ्या हिमात पक दिसेनासा होत होता, आणि खेळ थांबला की फावडी घेतलेली माणसे मैदानात उतरत होती. कॅनडा तो सामना हरला, मात्र स्पर्धेचे सुवर्णपदक कॅनडानेच जिंकले आणि मकार स्पर्धेतील सर्वोत्तम संघात निवडला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात व्यावसायिक होण्याचा पर्याय त्याच्यासमोर उघडा होता. त्याने आणखी एक वर्ष ॲमहर्स्टला राहण्याचे ठरवले. ब्रूक्सनंतर सावकाश वाट धरण्याची ही त्याची दुसरी वेळ होती, आणि पुढे जे घडले त्याची मुळे आम्हांला या दोन निर्णयांतच दिसतात.

2018-19 च्या हंगामात मकारने 41 सामन्यांत 49 गुण मिळवले, आणि ज्या संघाने दोन हंगामांपूर्वी हरण्याची सवय लावून घेतली होती, त्याने 31 सामने जिंकून आपल्या गटाचे साखळी विजेतेपद प्रथमच पटकावले. मग आला एप्रिल.

[दृश्य : बफेलो, एप्रिल 2019. एकापाठोपाठ एक, तारखांसह.]

11 एप्रिल : राष्ट्रीय उपान्त्य सामन्यात मॅसॅच्युसेट्सने डेन्व्हर विद्यापीठाला जादा वेळेत 4-3 असे हरवले. 12 एप्रिल : अमेरिकी विद्यापीठांतील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा होबी बेकर पुरस्कार मकारला मिळाला, या विद्यापीठाचा हा पहिलाच मानकरी. 13 एप्रिल : अंतिम सामन्यात मिनेसोटा डुलुथने मॅसॅच्युसेट्सला 3-0 असे नमवले. 14 एप्रिल : कोलोराडोशी करार. 15 एप्रिल : डेन्व्हर, एनएचएलच्या प्लेऑफमधील, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीतील तिसरा सामना, आणि समोर त्याच्याच जन्मगावचा संघ, कॅल्गरी फ्लेम्स.

[दृश्य : डेन्व्हर, पेप्सी सेंटर. पहिला कालखंड. निवेदन थांबवून गोल पूर्ण दाखवावा.]

सहकारी नेथन मॅकिननकडून आलेला पक, आत शिरलेला आठ क्रमांक, आणि कॅल्गरीचा गोलरक्षक माइक स्मिथला चुकवून गेलेला फटका. कारकिर्दीतील पहिलाच एनएचएल सामना प्लेऑफचा असताना त्यात गोल करणारा मकार हा लीगच्या इतिहासातील पहिला बचावपटू ठरला. कोलोराडोने तो सामना 6-2 असा जिंकला आणि पुढे मालिकाही जिंकली. आदल्या शनिवारी विद्यापीठाचा अंतिम सामना हरलेला हा विद्यार्थी सोमवारी एनएचएलच्या बर्फावर बुजलेला दिसत नाही. ब्रूक्सच्या चित्रणात पक घेऊन मान वर करण्याची जी सवय दिसते, तीच येथेही दिसते.

यानंतरची वर्षे वेगाने सांगता येतील. 2019-20 च्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने 57 सामन्यांत 50 गुण मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर पुरस्कार पटकावला. पुढच्या वर्षी 44 सामन्यांत 44 गुण, आणि 2021 च्या जुलैमध्ये सहा वर्षांचा, दरवर्षी सरासरी 90 लाख डॉलरचा करार. प्रशिक्षक जॅरेड बेडनार यांनी त्याला डेव्हन टेव्झबरोबर खेळवले, आणि ही जोडी एकाने पुढे जायचे तर दुसऱ्याने मागची जागा धरायची, हे न बोलता ठरवू लागली.

[दृश्य : टॅम्पा, 26 जून 2022. चषक हातोहात फिरतो.]

2021-22 मध्ये त्याने 28 गोल आणि 58 साहाय्ये नोंदवली आणि सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस पुरस्कार मिळवला. प्लेऑफमध्ये सामन्यामागे सरासरी 27 मिनिटे खेळून 20 सामन्यांत त्याने 29 गुण केले, कोलोराडोने टॅम्पा बे लायटनिंगला 4-2 असे हरवून स्टॅनले चषक जिंकला, आणि प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ चषकही त्याच्याकडे आला. नॉरिस आणि कॉन स्माइथ एकाच वर्षी मिळवणारे त्याच्याआधी दोघेच झाले होते : बॉबी ओर आणि निक्लास लिडस्ट्रॉम. मकार तेव्हा 23 वर्षांचा होता.

पुढच्या हंगामात दुखापतींमुळे त्याला बऱ्याच सामन्यांना मुकावे लागले आणि तो 60 सामनेच खेळू शकला.

[दृश्य : डिसेंबर 2022, न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्धचा सामना. मकार पंचाशी बोलताना.]

त्याच हंगामातील हा एक प्रसंग. आयलँडर्सच्या मॅथ्यू बर्झालने पाय अडकवून मकारला पाडले असे समजून पंचांनी शिक्षेसाठी हात वर केला. मकार उठला आणि आपण स्वतःच घसरलो, असे त्याने पंचांना सांगितले. पंचांनी शिक्षा मागे घेतली. सामना गोलशून्य बरोबरीत होता आणि कोलोराडोला त्या शिक्षेचा फायदा मिळाला असता. तरीही तो बोलला, आणि हे चित्रण जसेच्या तसे ठेवले आहे.

[दृश्य : ब्रूक्स, सरावाची सकाळ. लहान मुले स्केट बांधताना.]

ज्या नियमामुळे मकारला ब्रूक्सला यावे लागले, तो आता उरलेला नाही. एनसीएएने नोव्हेंबर 2024 मध्ये निर्णय घेतला आणि 2025-26 च्या हंगामापासून मेजर ज्युनियर खेळलेल्या मुलांनाही विद्यापीठाच्या संघांचे दार उघडले. ब्रूक्स बँडिट्सनी त्याआधीच, 2024 मध्ये, अल्बर्टाची लीग सोडून ब्रिटिश कोलंबियाच्या लीगमध्ये प्रवेश केला होता. मोठ्या लीगमध्ये खेळूनही शिकता येईल, ही या मुलांसाठी चांगलीच गोष्ट आहे. मात्र सोळाव्या वर्षी लहान गावात राहून पक जवळ ठेवायला, चुकायला आणि पुन्हा तेच करून पाहायला मिळणारे दोन हंगाम आता कोणी मागून घेईल का, आणि मागितले तर त्याला ते मिळतील का, हे याच मुलांच्या पिढीत ठरणार आहे.