आज्याचा दाखला कुठनं आणायचा?

नमस्कार मंडळी. बारावीचा निकाल लागला की प्रश्न सुरू होतात: जात पडताळणीला आजोबांचा पुरावा कुठनं आणायचा? जातीचा दाखला प्रांत ऑफिसचा, पडताळणी जिल्हा समितीकडं, एवढं माहीत असेलच. पुढं जाऊया.

घोडं अडतं तारखेवर. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. त्याआधीची जातीची नोंद लागते, तीही वडिलांकडच्या नात्यातली. मामाचा दाखला जोडू नका.

आता जरा रागानं बोलतो. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या बाहेर ठेवलं, त्याच घराकडं शाळेचा जुना दाखला मागायचा! वर कमेंटमध्ये, "सवलत पाहिजे तर कागद गोळा करा की." अहो, याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांना 50 टक्के जागा राखल्या, 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिना 1 रुपया दंड. पोराला शाळेपर्यंत आणायचं काम दरबारानं अंगावर घेतलं होतं. आज रेकॉर्ड सरकारच्या कपाटात, आणि शोधायचं पोरानं.

असो. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या मराठी शाळेतनं जनरल रजिस्टरचा उतारा. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंदवही. इथंच लोक फसतात. आजोबांचं नाव शोधत बसतात, पण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली, त्यामुळं पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. पणजोबांचं नाव शोधा. पुन्हा सांगतो, आजोबांच्या बापाच्या नावानं शोधा. चुलत आजोबांची, आजोबांच्या बहिणीची, लहानपणीच गेलेल्या भावंडाची नोंदसुद्धा चालते, फक्त ते नाव वंशावळीत पाहिजे. मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. कागदावर 'म्हादू' आणि दाखल्यावर 'महादेव' असेल तर दोन्ही एकच व्यक्ती, असं प्रतिज्ञापत्र जोडा.

काहीच निघालं नाही तर "नोंद आढळत नाही" असं लेखी घ्या आणि अर्ज करा. समितीचं दक्षता पथक चौकशीला घरी येऊ शकतं. त्या दिवशी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेताला जाऊ देऊ नका. कुलदैवत, चालीरीती, सोयरीक कुठल्या गावात, हे तेच नीट सांगणार.