जंगलाचं खरेदीखत

श्रोतेहो, नमस्कार.

१९८७ साली स्वीडनमधल्या एका लहानशा शाळेतल्या मुलांनी कोस्टा रिकामधलं वर्षावन विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. बघता बघता इतर देशांतली मुलंही त्यात सामील झाली. माँतेव्हेर्देच्या डोंगरउतारावर या पैशातून तुकड्यातुकड्याने घेतलेलं जंगल आज २२ हजार हेक्टरांच्या वर आहे. ‘मुलांचं चिरंतन वर्षावन’ या नावाने ते ओळखलं जातं आणि त्या देशातलं ते सर्वांत मोठं खाजगी राखीव जंगल आहे. तेव्हा पैसे देऊन जंगल वाचतं का, या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी आहे. पण ते कुठलंही जंगल नसतं, आणि नुसत्या पैशाने ते वाचत नाही. आजच्या भाषणात हा व्यवहार आतून कसा चालतो ते पाहू.

सुरुवातीलाच एक अडचण सांगायला हवी. जगातलं बरंचसं वर्षावन विकाऊच नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात सगळी जमीन सरकारची आहे. पापुआ न्यू गिनीमध्ये जवळजवळ सगळी जमीन परंपरेने तिथल्या कुळांची आहे आणि परक्याला ती विकत घेता येत नाही. इंडोनेशियात परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. ब्राझीलमध्ये १९७१च्या कायद्याने परदेशी व्यक्तींना एखाद्या तालुकावजा नगरपालिकेच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त जमीन घेता येत नाही, आणि एकाच राष्ट्रीयत्वाच्या लोकांना तर दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. पेरूच्या राज्यघटनेनुसार सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमीन घेण्याची मनाई आहे.

जिथे विक्री नाही तिथे भाडेपट्टा असतो. सरकार लाकूडतोडीसाठी जंगल पट्ट्याने देतं. तोच पट्टा घ्यायचा आणि तोड करायची नाही. गयानामध्ये २००२ साली सुमारे ८० हजार हेक्टरांसाठी ३० वर्षांचा असा करार झाला, आणि लाकूड कंपनीने सरकारला जे शुल्क भरलं असतं त्याच धर्तीवर रक्कम भरायचं ठरलं. पेरूमध्ये लोस अमिगोस नदीकाठचं जंगल ४० वर्षांच्या नूतनीकरण करता येणाऱ्या पट्ट्यावर राखलं जातंय. पट्ट्यात एक धोका कायमचा असतो: सरकार बदललं की अटी बदलू शकतात. तरीही जिथे खरेदीचा मार्गच बंद आहे तिथे हा पर्याय तुच्छ लेखू नये.

आता समजा, खरेदी शक्य आहे. मग तुकडा कोणता घ्यायचा? इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

नकाशावर जे सर्वांत स्वस्त दिसतं ते बहुधा रस्त्यापासून दूर, आत खोलवरचं जंगल असतं. एका वर्गणीत हजारो हेक्टर, फोटोही छान. पण त्याला आज कुणी हात लावणारच नव्हतं. ॲमेझॉनमध्ये झालेल्या जंगलतोडीचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की जवळजवळ ९५ टक्के तोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत होती. ब्राझीलच्या रोंदोनिया राज्यात १९८४ साली बीआर-३६४ हा महामार्ग डांबरी झाला. त्यातून आडवे फाटे फुटले, फाट्यांवरून उपफाटे, आणि उपग्रहाच्या चित्रात जंगल माशाच्या काट्यासारखं सोललेलं दिसू लागलं. म्हणून जमीन पाहताना पहिला प्रश्न दराचा नसावा. जवळचा रस्ता कुठे आहे, पुढचा कुठून जाणार आहे आणि शेजारी काय पिकतंय, हे आधी विचारावं. दक्षिण अमेरिकेत शेजारी बहुधा गुरांची कुरणं असतात, आग्नेय आशियात तेलमाडाचे मळे. त्या कडेला लागून असलेली जमीन महाग पडते, पण संकट तिच्यावरच असतं.

दुसरी गोष्ट आकाराची. जंगलाची कड उघडी पडली की ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो, मोठी झाडं उन्मळतात आणि वेलींचं रान माजतं. ब्राझीलमधल्या मानाउसजवळ १९७९ पासून १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे मुद्दाम वेगळे राखून याचा अभ्यास चालू आहे. कडेचे अनेक परिणाम पहिल्या शंभर मीटरांत तीव्र असतात, काही त्याहून आतही पोचतात. शंभर मीटर धरूनच हिशेब करा. १ हेक्टरचा चौकोन म्हणजे शंभर मीटर बाय शंभर मीटर. त्यात आतलं शांत जंगल शून्य. १० हेक्टरच्या चौकोनात ते जेमतेम १.३५ हेक्टर उरतं. १०० हेक्टरात ६४.

आकारमान सारखं असलं तरी आकृतीने फरक पडतो. १,००० हेक्टरचा चौकोन घेतला तर हद्द साधारण साडेबारा किलोमीटरची होते आणि गाभा, म्हणजे आतलं शांत जंगल, ८७७ हेक्टरांचा. तेवढीच जमीन नदीकाठी अर्धा किलोमीटर रुंद आणि २० किलोमीटर लांब पट्ट्यात घेतली तर हद्द ४१ किलोमीटर आणि गाभा ६०० हेक्टरांच्याही आत. राखणदारांना चालायचं अंतर तिप्पट, जंगल कमी. अर्थात याला एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. दोन जंगलं जोडणारा अरुंद पट्टा असेल तर तो वाकडातिकडा असला तरी घ्यावा. बोर्निओत किनाबातांगन नदीकाठी मळ्यांच्या मधले छोटे तुकडे असेच जोडण्यासाठी घेतले गेले, कारण हत्ती आणि ओरांगउटान यांना ये-जा करायला तेवढीच वाट उरली होती.

आता कागदपत्रं. कोणत्याही देशात आधी विक्रेत्याच्या मालकीची साखळी मागे मागे तपासत न्यावी लागते, शक्यतो सरकारने पहिल्यांदा जमीन दिली त्या दाखल्यापर्यंत. मधली एक कडी जरी निखळलेली असेल तरी थांबावं. ब्राझीलमध्ये बनावट दस्त जुना दिसावा म्हणून तो रातकिड्यांच्या पेटीत ठेवून पिवळा आणि कुरतडलेला करण्याची युक्ती जुनीच आहे. आता रातकिडे लागत नाहीत. तिथल्या ग्रामीण पर्यावरण नोंदवहीत जमीनधारक स्वतःच आपली हद्द भरतो. त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, पण तिची छापील प्रत मालकीच्या पुराव्यासारखी मिरवली जाते, आणि एकाच तुकड्यावर दोघातिघांच्या नोंदी सापडतात. स्थानिक वकील आणि नोंदणी कार्यालयातला प्रमाणित उतारा, दोन्हींशिवाय पैसे हलवू नयेत. वकील विक्रेत्याने सुचवलेला नको, हे सांगायची खरं तर गरज पडू नये, पण पडते.

उताऱ्यात गहाण, थकलेला कर, कोर्टाचे दावे, वारसांचे हिस्से हे सगळं पाहायचं. त्यातून सुटणारी एक बाब म्हणजे जमिनीखालचा हक्क. लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांत खनिज आणि तेल राज्याच्या मालकीचं असतं. वरचं जंगल तुमचं झालं तरी खाली कुणाला तरी शोधाचा परवाना दिलेला असू शकतो. खाणखात्याचा नकाशा वेगळा मागवून आपल्या हद्दीवर ठेवून पाहावा.

त्यानंतर प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन पाहायचं की तिथे कोण राहतं, कोण शिकार करतं, कोण कंदमुळं गोळा करतं. कागदावर एकच मालक, पण आत चार कुटुंबांची वहिवाट असणं नेहमीचंच. ब्राझीलच्या राज्यघटनेप्रमाणे ग्रामीण भागात ५० हेक्टरांपर्यंतची खाजगी जमीन पाच वर्षं विनातक्रार कसून तिथे राहणाऱ्या माणसाला, त्याच्याकडे दुसरी जमीन नसेल तर, मालकी मागता येते. आणि आदिवासींच्या पारंपरिक भूमीवरचे कुणाचेही मालकी दस्त तीच घटना रद्दबातल ठरवते. अशा ठिकाणी खरेदी करणं बेकायदा तर आहेच, शिवाय निरर्थक आहे. ॲमेझॉनमध्ये आदिवासींच्या मान्यताप्राप्त भूमीवर तोड आजूबाजूपेक्षा कमी दिसते. तिथे पैसा द्यायचाच असेल तर हद्दनिश्चिती आणि मान्यतेची कामं पुढे नेण्यासाठी द्यावा. लोकांना हुसकावून राखलेलं जंगल फार दिवस टिकतही नाही, कारण आग लावायला एक माणूस पुरतो.

दरांबाबत एक सावधगिरी. परदेशी संस्था जमीन घेतेय अशी बातमी फुटली की आसपासचे भाव चढतात. म्हणून अनुभवी संस्था थोडी इसार रक्कम देऊन ठरावीक मुदतीचा खरेदीहक्क आधी बांधून घेतात आणि मग देणग्या गोळा करतात. इसाराच्या करारात मालकी सदोष निघाल्यास रक्कम परत, हे कलम हवं, आणि या मुदतीत झाडं तोडायची नाहीत, हेही हवं. नाही तर खरेदीच्या आधल्या महिन्यात उत्तम लाकूड ट्रकमधून निघून गेलेलं असतं. विक्रेता पैसे घेऊन पुढे काय करणार, हेही विचारावं. तो त्याच पैशात वीस किलोमीटर आत दुप्पट जंगल घेऊन कुरण करणार असेल, तर तुम्ही तोड थांबवलीच नाहीत, फक्त तिची जागा बदललीत. वयामुळे किंवा कर्जामुळे शेती सोडणारा विक्रेता या दृष्टीने बरा.

खरेदीखत झालं की लगेच जमिनीवर कायद्याचं कुलूप लावायचं. ब्राझीलमध्ये मालक आपली जमीन खाजगी नैसर्गिक वारसा राखीव म्हणून जाहीर करू शकतो. ती नोंद दस्तावर कायमची चढते आणि पुढे जमीन विकली तरी सुटत नाही. पेरूमध्ये खाजगी संरक्षित क्षेत्राची मान्यता किमान दहा वर्षांसाठीही घेता येते. देणगी घेताना संस्था कोणत्या प्रकारची मान्यता घेणार, हे म्हणूनच विचारायचं. कोस्टा रिकात १९९६च्या वनकायद्याने जंगलाचं शेतीत रूपांतर करायलाच बंदी आहे, आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्या मालकांना सरकारी मोबदला मिळतो. त्यामुळे तिथे खरेदी हाताळायला सोपी जाते.

हद्द आखणं हे काम ऐकायला किरकोळ वाटतं. दाट छत्राखाली जीपीएस कित्येक मीटर चुकतं, म्हणून कोपऱ्यांची मोजणी मोकळ्या जागेतल्या खुणांवरून करून घ्यावी लागते. शेजाऱ्याला सोबत घेऊन, त्याची सही घेऊन. मग काँक्रीटचे खांब आणि एकदोन मीटर रुंदीची पायवाट. ही पायवाट सहा महिन्यांत पुन्हा झाडोऱ्याने भरते, म्हणजे वर्षातून दोनदा साफसफाई आलीच. नदी हद्द असेल तर सांभाळा, पावसाळ्यात ती आपला काठ बदलते. कुरणाच्या बाजूला कोरड्या महिन्यांत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळी केलेली पट्टी, लागते. वर्षावन सहसा पेटत नाही, पण कुरणातली आग कडेच्या सुकलेल्या झाडांत शिरते, आणि एकदा जळालेली कड दुसऱ्यांदा लवकर जळते.

राखणदार गावातलेच असावेत. पूर्वी शिकार किंवा लाकूडतोड केलेला माणूस पावलांचे ठसे आणि चोरवाटा इतरांपेक्षा चांगल्या ओळखतो. गस्त जोडीने, वेळ बदलून बदलून. उपग्रहांची मदत आता फुकट मिळते. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं २००८ पासून सर्वांना खुली आहेत, सेंटिनेल-२ ची १० मीटरची आहेत, आणि तोडीचे इशारे काही दिवसांत येतात. पण छत्राखालची शिकार वरून दिसत नाही. जंगल हिरवं असतं आणि आत ना माकडं, ना तापीर, ना टुकान. मोठ्या बियांची झाडं मग रुजत नाहीत, कारण बिया दूर नेणारं कुणी उरलेलं नसतं.

हे सगळं पगारांवर चालतं. समजा राखणीला वर्षाला २० हजार डॉलर लागतात. ते कायम मिळत राहायचे असतील आणि ठेवीतून दरवर्षी ४ टक्के काढायचे असतील, तर ५ लाख डॉलरची ठेव हवी. वार्षिक खर्चाच्या २५ पट. ही रक्कम अनेकदा जमिनीच्या किमतीपेक्षा मोठी निघते, आणि आवाहनपत्रकात ती बहुतेक वेळा नसतेच.

देणगीदारांसाठी काही प्रश्न. ‘एक एकर तुमच्या नावे’ असं प्रमाणपत्र येतं तेव्हा जमीन तुमच्या नावावर होत नसते, आणि व्हायलाही नको. शेकडो परक्या मालकांच्या हद्दी कोण राखणार? १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये २५ पौंडांत एक एकर असं आवाहन बेलिझच्या जंगलासाठी झालं. जमीन मात्र बेलिझमधल्याच संस्थेकडे राहिली, आणि रिओ ब्राव्होचं ते राखीव जंगल आज एक लाख हेक्टरांच्या आसपास आहे. चिलीत उलटा अनुभव आला. अमेरिकन उद्योजक डग्लस टॉम्पकिन्स यांनी दक्षिणेतलं समशीतोष्ण वर्षावन घ्यायला सुरुवात केली तेव्हा हा माणूस देशाचे दोन तुकडे करतोय, असा संशय १९९०च्या दशकात उघडपणे घेतला गेला. त्यांच्या पश्चात पत्नीने २०१७ मध्ये सरकारशी करार केला आणि ती जमीन राष्ट्रीय उद्यानांसाठी दिली, तेव्हा तो वाद बराच निवळला.

म्हणून संस्थेला लेखी विचारा: दस्त कुणाच्या नावावर आहे, त्याचा नोंदणी क्रमांक काय, अक्षांश-रेखांशासह हद्दीचा नकाशा मिळेल का, राखणीची ठेव किती जमली आहे. आणि संस्था बंद पडली तर जमीन कुणाकडे जाईल, ते संस्थेच्या घटनेतल्या विसर्जनाच्या कलमात शोधा. तिथे दुसऱ्या संवर्धन संस्थेचं किंवा सरकारी उद्यान खात्याचं नाव असायला हवं. ‘सभासदांत वाटप’ असं लिहिलेलं आढळलं तर पैसे पाठवू नका.