ऐकणाऱ्याचा चेहरा

श्रोतेहो, नमस्कार.

रशियन नाटककार चेकॉव्हचं नाटक 'अंकल वान्या'. मॉस्को आर्ट थिएटरनं ते 1899 मध्ये रंगमंचावर आणलं. चार अंक माणसं चहा पितात, कंटाळतात, आयुष्य फुकट गेलं म्हणून कुरकुरतात. तिसऱ्या अंकात वान्या आपल्या प्राध्यापक मेव्हण्यावर दोनदा गोळी झाडतो, तर दोन्ही वेळा नेम चुकतो. झालं, एवढीच काय ती धावपळ!

असल्या नाटकावर सिनेमा काढायचा म्हटलं की सल्ले सुरू होतात. जरा बाहेर पडा, शेतं दाखवा, घोडागाडी पळवा, संवाद निम्मे करा. मला हे पटत नाही. ही माणसं त्या घरात अडकून पडलीत, हेच तर नाटक आहे. त्यांना मोकळ्या हवेत नेलंत की त्यांचं दुखणंच बरं होतं.

1970 साली रशियन दिग्दर्शक कोंचालोव्हस्कीनं याच नाटकावरच्या सिनेमात कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ घरातच ठेवला. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल तर त्याच्या सिनेमासाठी 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या एका पडक्या नाट्यगृहात शिरला. नट रोजच्या कपड्यांत येतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि गप्पांतून नाटक कधी सुरू होतं, कळतही नाही.

मग कॅमेऱ्यानं करायचं काय? तिसऱ्याच अंकातला नकाशांचा प्रवेश घ्या. डॉक्टर आस्त्रॉव्ह प्राध्यापकाच्या तरुण बायकोला, येलेनाला, तालुक्याचे नकाशे दाखवतोय. पन्नास वर्षांपूर्वी जंगल किती होतं, पंचवीस वर्षांपूर्वी किती, आज किती उरलंय. तो तळमळून बोलतोय आणि तिचं लक्ष भलतीकडेच आहे, कारण वान्याची भाची सोन्या हिच्याबद्दल त्याच्या मनात काय आहे ते तिला काढून घ्यायचंय. नाट्यगृहात मागच्या रांगेला ऐकू येतो फक्त आस्त्रॉव्ह. पडद्यावर मात्र त्याचा आवाज चालू ठेवून येलेनाचा चेहरा दाखवता येतो. तो दाखवायचा कधी, यात दिग्दर्शकाची खरी परीक्षा. फार लवकर दाखवला तर आस्त्रॉव्ह नुसता कंटाळवाणा वाटतो, फार उशिरा दाखवला तर आपणही तिच्याइतकेच बेसावध. आणि ते भाषण छाटलंत, तर तिला कंटाळायला वेळ कुठे मिळणार?

शेवटी आस्त्रॉव्ह म्हणतो, तुम्हाला यात रस नाही, चेहऱ्यावरूनच दिसतंय. हुशार संकलक हे वाक्य कापायला निघेल. चेहरा आपण पाहिलाच आहे, पुन्हा सांगायचं कशाला? मी कापणार नाही. ते म्हणताना आस्त्रॉव्हचा चेहरा कसा होतो, ते मला बघायचंय.