दुकान घेण्यावर चालतं

(तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘ज्ञानयज्ञ’ हा शब्द तीनदा वापरला. मी मोजत होते. दुकानदार आहे, मोजायची खोड जात नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते: मी यज्ञ वगैरे काही करत नाही, मी जुनी पुस्तकं विकते. पुण्यात, अप्पा बळवंत चौकापासून चालत चार मिनिटांवर, एका वाड्याच्या दर्शनी बाजूच्या दहा बाय अठराच्या गाळ्यात. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं. त्यांच्या मुलाला त्यात रस नव्हता, तो बँकेत गेला. सुनेला होता. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

चौक तुम्हाला माहीत असेलच. मुलांची पुस्तकं घ्यायला आई-वडील एकदा तरी तिथे आलेले असतात आणि गाडी कुठे लावायची यावरून त्यांचं एकदा तरी भांडण झालेलं असतं. सवाई माधवराव पेशव्यांना अंबारीत झीट आली, सरदार अप्पा बळवंत मेहेंदळ्यांनी त्यांना सावरलं, म्हणून त्या जागेला त्यांचं नाव मिळालं, अशी गोष्ट सांगतात. आता जून महिन्यात दुपारी तिथे उभं राहिलात तर झीट यायला पेशवा असावं लागत नाही.

लोक मला विचारतात, ‘काय हो, हल्ली कुणी वाचतं का? खपतात का पुस्तकं?’ प्रश्न चुकीच्या बाजूनं येतो. नव्या पुस्तकांचा दुकानदार प्रकाशकाकडून माल मागवतो, नाही खपला तर बऱ्याचदा परत पाठवतो. मला मागवताही येत नाही आणि परतही करता येत नाही. कुणीतरी घरातून काढून टाकायचं ठरवलं तरच माझ्याकडे पुस्तक येणार. ते घ्यायचं की नाही, केवढ्याला घ्यायचं, हे मी त्यांच्या दिवाणखान्यात उभ्या उभ्या वीस मिनिटांत ठरवते. तिथे चुकले की पुढे गल्ल्यावर कितीही गोड बोला, उपयोग नाही. जुन्या पुस्तकांचं दुकान घेण्यावर चालतं, विकण्यावर नाही.

फोन येतो. ‘ताई, बाबा गेले मागच्या महिन्यात. पुस्तकं आहेत बरीच.’ नाहीतर, ‘वाडा बिल्डरला दिलाय, एक तारखेच्या आत खाली करायचाय.’ गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पेठांमधले वाडे जसजसे पडत गेले तसतसं माझं दुकान भरत गेलं. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

घरी गेलं की आधी चहा येतो. मग कपाट उघडतात आणि सगळ्यांत जाड पुस्तक पुढे करतात. जाडीला आमच्यात किंमत नसते, बरं का. कोशाचा सुटा खंड म्हणजे जोडातली एकच चप्पल. सगळे खंड असले तर गिऱ्हाईक मिळतं, एक हरवला तर उरलेल्यांना कुणी हात लावत नाही. गुळगुळीत कागदावरचे गौरवग्रंथ तसेच. सत्कारमूर्तीच्या घरी पंचवीस प्रती, त्या पंचवीसही माझ्याकडे येऊ बघतात. उलट कपाटाच्या तळाशी, रद्दीत जाणार म्हणून बाजूला काढलेल्या ढिगात जुने दिवाळी अंक असतात. आपल्याकडे दिवाळी अंकाची चाल ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९मध्ये पाडली. तेव्हापासून घरोघरी ते साठतात आणि दर दोन-चार वर्षांनी दिवाळीच्याच साफसफाईत बाहेर जातात. त्यामुळे कादंबरीच्या दहा प्रती मिळतील, पण एखाद्या सालचा धड मुखपृष्ठ असलेला अंक मिळत नाही.

सगळं बघून झालं की मी माझं वाक्य म्हणते. सासऱ्यांकडून आलेलं आहे: ‘सगळी उचलायची असतील तर एवढेच जमतील.’ घरातल्यांचा चेहरा उतरतो. मुलीला वाटतं, बाबांची ही किंमत? मी पुस्तकांची सांगितलेली असते. हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलंय आणि ते म्हणताना अजूनही मी पंख्याकडे बघते, माणसाकडे नाही.

हिशेब सांगते, म्हणजे मी लुबाडते की नाही ते तुम्हीच ठरवा. समजा चारशे पुस्तकं सहा हजारांना घेतली. टेम्पो आणि हमाली बाराशे. त्यातली साठ पहिल्या तीन महिन्यांत सरासरी एकशेवीसनं जातात. झाले सात हजार दोनशे, म्हणजे घातलेले परत आले. पुढची दीड-दोन वर्षं एकशेचाळीस पुस्तकं ऐंशीच्या सरासरीनं जातात. माझी कमाई ती, आणि भाडं, वीज, पोऱ्याचा पगार त्यातूनच. शंभर वीस रुपयांच्या टोपलीत. उरलेली शंभर, ज्यांना टोपलीतसुद्धा कुणी विचारत नाही, ती किलोवर जातात. आणि गंमत अशी की पुस्तकाला रद्दीत वर्तमानपत्राइतकासुद्धा भाव नाही. पेपरात निदान पुड्या बांधता येतात.

किमतीवरून आठवलं. विक्रीची किंमत मी पहिल्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिते. पेननं कधी नाही. शेवटच्या पानावर कोपऱ्यात दोन-तीन अक्षरं असतात, ती खरेदीची किंमत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा, एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. कापडवाले, सराफ, सगळेच जुने व्यापारी हे करायचे. आमचा शब्द सासऱ्यांनी ठरवलेला. तो नवऱ्याला माहीत नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर भिंतीतलं कपाट होतं. खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांवर वरच्या कडेपासून दोन बोटं खाली तपकिरी रेघ, सगळ्यांवर एकाच उंचीला, सुतार आखतो तशी. उघडलं की शिवणीपाशी दंतमंजनासारखी बारीक माती. पानशेत. १२ जुलै १९६१. धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, ते या कपाटात किती चढलं ते तिथे लिहून ठेवल्यासारखं. घरातल्या आजोबांनी पुराच्या पाण्यातून काढलेली ती पुस्तकं गच्चीवर एकेक पान वेगळं करून वाळवली होती. पानं लाटांसारखी झालेली, पण फाटलेलं एकही नाही. मी ती खराब प्रती म्हणून घेतली आणि खराब म्हणूनच तीस-तीस रुपये लावले. एक गृहस्थ आले, पुस्तकाचं नावसुद्धा न बघता त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. ‘अशी अजून आहेत?’ सगळी घेऊन गेले. मी तीस सांगितले होते, त्यांनी शंभरच्या हिशेबानं दिले आणि वर मला म्हणाले, ‘वहिनी, तुम्हाला कळलं नाही काय विकताय ते.’ खरंच कळलं नव्हतं.

मात्र काही गोष्टी कळूनही विकायच्या नसतात. जुन्या घरांत लाल फडक्यात बांधलेला कागदांचा रुमाल निघतो, मोडीतला. घरात कुणाला वाचता येत नाही. ‘हेही घेऊन जा.’ पंचाहत्तर वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही. मी त्या माणसांना सदाशिव पेठेचा रस्ता दाखवते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९१०मध्ये काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ तिथे आहे, त्यांना विचारा. काहीजण विचारतात, काही कंटाळा करतात. कंटाळा करणाऱ्यांच्या वतीनं एकदोनदा मीच रिक्षा करून गेले आहे. तो धंदा नाही, नुसता रिक्षाचा खर्च.

छापील पुस्तकांचं तसं नाही. लेखक मंडळी कधीकधी रागावतात, की आमचं पुस्तक तुम्ही तीनदा विकता आणि आम्हाला दमडी मिळत नाही. १९५७चा कॉपीराइट कायदा ‘आधीच चलनात असलेल्या’ प्रती वगळतो. एकदा विकली गेलेली प्रत पुढे कितीही हातांतून जावो, तो व्यवहार कायदेशीर आहे. चोरून छापलेली प्रत मात्र गुन्हा. ती ओळखायला शिकावं लागतं: कागद फिका, छपाई किंचित तिरकी, आणि पुस्तक नवंकोरं असून अर्ध्याहून कमी किमतीत.

या सगळ्यात माझ्या गुरू म्हणाल तर एक कागदवेचक मावशी. पुण्यात कागद, काच, पत्रा गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांची १९९३पासून संघटना आहे, त्यातल्या. त्यांना वाचता येत नाही. तरी त्यांनी आणलेल्या दहा पुस्तकांतली सात मी घेते. एकदा विचारलं, मावशी, तुम्हाला कळतं कसं? म्हणाल्या, ‘शिवलेलं ठेवते, चिकटवलेलं टाकते.’ दोऱ्याची शिवण! प्रकाशकानं ज्यावर खर्च केला ते पुस्तक बहुधा टिकाऊ, आणि जे टिकलं तेच कुणीतरी शोधत येणार. मी विषय, आवृत्ती, लेखक बघत बसते, त्या कण्याखाली अंगठा घालतात.

आता तुमच्याबद्दल. प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. पहिल्या पानावर शिक्का असतोच, पण आत ठरलेल्या एका पानावर दुसरा असतो. पहिलं पान फाडून आणणाऱ्याला तो माहीत नसतो. मला बहुतेकांची पानं पाठ आहेत. निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून काढून, ‘बाद’चा शिक्का मारलेला असेल तर मी पुस्तक घेते, नसेल तर नाही. पण गठ्ठ्यात एखादं नजरेतून सुटतं. हे बघा, हे मी आज येताना पिशवीत घालून आणलं. तुमचंच आहे. ‘बाद’ कुठेही नाही. किती सालापासून बाहेर आहे ते तुम्ही नोंदवहीत बघा, दंड कुणाकडून घ्यायचा तेही तुम्हीच ठरवा. (हशा.)

चौकाजवळ दुकान असण्याचं सुख काय, तर माणसं दुकानात यायला म्हणून निघालेली नसतात. देवाला निघालेली, वह्या घ्यायला आलेली, बस चुकलेली. वीस रुपयांची टोपली त्यांच्यासाठी बाहेर ठेवायची असते. सप्टेंबर २०२४मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली, कसबा आणि मंडईला स्टेशनं झाली, तेव्हापासून चिंचवडकडचे लोक पुन्हा दिसायला लागले. गाडी लावायच्या भीतीनं ते यायचेच बंद झाले होते. दुःख म्हणाल तर गणपती. म्हणजे दहा दिवस रस्ता वाहतो, टोपली दोनदा भरावी लागते, पण विसर्जनाला शटर ओढायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. ढोलांच्या दणक्यानं वरच्या फळीवरची पुस्तकं बोटभर पुढे सरकलेली असतात, सगळी, एका रांगेत. दरवर्षी मी ती तळहातानं मागे ढकलते.

स्पर्धा परीक्षावाल्या मुलांवर खरं तर वेगळं व्याख्यान होईल. आजूबाजूच्या पेठांत अभ्यासिका खच्चून भरलेल्या. एकजण परीक्षा सोडतो, गावी जाताना पुस्तकं विकतो, दुसरा गावाहून येतो, तीच घेतो. कधीकधी दोघं दुकानाच्या पायरीवर समोरासमोर येतात. तेव्हा मी काही बोलत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार असं २०२२मध्ये जाहीर झालं, तेव्हा मी वस्तुनिष्ठ प्रश्नांचे गठ्ठे घाईघाईनं किलोवर दिले. फार हुशारी केली असं वाटलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि बदल २०२५वर गेला. महिन्याभरात रोज दहाजण तीच पुस्तकं मागायला. सासरे म्हणायचे, अभ्यासक्रमाचं पुस्तक म्हणजे भाजी, बाकीचं धान्य. मी धान्यवाली, भाजीत पडले.

कसरीचं विचारलं होतं मघाशी कुणीतरी. डांबरगोळ्या ठेवते, वेखंड ठेवते, पण खरा उपाय हात लावणं. पुस्तक हललं की कसर राहत नाही. वाळवी मात्र वेगळी, ती भिंतीतून येते. तिला पुस्तक आणि चौकट सारखीच.

भिंतीवरून सांगायचं तर, आमचा वाडाही आता चाललाय. आम्ही पागडीचे भाडेकरू, मालक आणि बिल्डर यांचं ठरलंय. नव्या इमारतीत गाळा मिळेल, तीन-चार वर्षांनी. तोवर नऊ-दहा हजार पुस्तकं कुठे ठेवायची? म्हणून मागच्या आठवड्यात मी एका तरुण दुकानदाराला बोलावलं. चांगला मुलगा आहे, कोथरूडला दुकान आहे, कधीकाळी माझ्याच टोपलीतून घ्यायचा. मी चहा केला. त्यानं फळ्या बघितल्या, दोन पुस्तकांच्या कण्याखाली अंगठा घातला, शेवटच्या पानावरची अक्षरं बघून हसला. मी नकळत सगळ्यांत जाड पुस्तक त्याच्या पुढे केलं. मग तो पंख्याकडे बघून म्हणाला, ‘काकू, सगळी उचलायची असतील तर एवढेच जमतील.’

मी अजून हो म्हटलेलं नाही. तुमचे काही प्रश्न असतील तर विचारा, माझी परतीची एसटी पावणेनऊला आहे.