झपताल आणि गणित भाग 1

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. गॅसवर कुकर. टेबलावर दोन वह्या उघड्या, एक रेघांची, एक चौकटींची. पेन्सिल धरलेला हात. टेबलाच्या कडेवर बोटं ताल धरतायत.)

संध्याकाळचे साडेसात. कोथरूडमधलं एक घर. कुकरची तिसरी शिट्टी अजून व्हायचीय आणि टेबलापाशी बसलेली नववीतली मुलगी एकाच ओळीवर तिसऱ्यांदा खोडरबर फिरवतेय.

रेघांच्या वहीत प्रश्न आहे: झपताल तिगुनमध्ये लिहा. म्हणजे दहा मात्रांचा ताल तिप्पट वेगात. चौकटींच्या वहीत प्रकरण आहे: गुणोत्तर व प्रमाण. दोन्ही वह्या अडल्यात आणि एकाच जागी अडल्यात. हे मात्र त्या टेबलापाशी अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मुलगी गाणं शिकते. गळा चांगला आहे. पहिल्या परीक्षा तोंडी होत्या, त्या हसतखेळत झाल्या. आता मध्यमा, ही पुढची परीक्षा. इथं लेखी पेपर असतो. रागांची शास्त्रीय माहिती, व्याख्या, बंदिशीचं स्वरलेखन, ताल दुगुन-तिगुनमध्ये लिहिणं, संगीतकारांची चरित्रं. ज्या मुलीला भूप राग डोळे मिटून गाता येतो, तिला भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर लिहिताना घाम फुटतो. त्यात गांधर्व मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला. म्हणजे एक सत्र वार्षिक परीक्षेला चिकटून आणि दुसरं सहामाहीच्या पाठोपाठ.

मग आईनं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: 'गाण्याची थिअरी आणि नववीचं गणित-सायन्स, दोन्ही घरी येऊन शिकवणारं कोणी माहीत आहे का?'

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर भराभर सरकणारे मेसेज.)

उत्तरं धडाधड आली. 'गणिताचे सर आहेत, एकदम कडक.' 'गाण्याच्या बाई आहेत, पण त्या घरी येत नाहीत.' 'एवढं कशाला, दहावी होईपर्यंत गाणं बंद ठेवा.' आणि एका काकांचं, पुढे हसरा चेहरा लावून: 'एका म्यानात दोन तलवारी!'

दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण धरले जायला लागल्यापासून या परीक्षांचा भाव वधारलाय. पण गाणं बंद ठेवा म्हणणारे कमी झालेले नाहीत. ते बहुतेक कधीच कमी होणार नाहीत.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पगडी घातलेले संगीतकार. पिवळी पडलेली छापील पानं.)

गाण्याला लेखी पेपर आला कुठून, हे जरा बघायला हवं. एरवी गाणं गुरूच्या घरी शिकायचं. पाणी भरायचं, तंबोरा लावायचा, गुरू गातील ते कानात साठवायचं. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग आला, अभ्यासक्रम आला, छापील पुस्तकं आली. 1931 साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज या मुलीच्या हॉलतिकिटावर नाव असतं ते त्याच मंडळाचं.

दुसरे विष्णु म्हणजे भातखंडे. जन्म 1860, वाळकेश्वरचा. पेशानं वकील. शेकडो राग त्यांनी दहा थाटांत लावून ठेवले. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत आहे आणि ती लिहिलीय गुरु-शिष्याच्या संवादात. शिष्य शंका विचारतो, गुरू उलगडून सांगतात, शिष्य पुन्हा अडतो. घरी येणारा मास्तरच जणू छापून ठेवलाय.

पण या दोन विष्णूंनी गाणं कागदावर लिहायच्या दोन वेगळ्या पद्धती काढून मुलांसाठी एक गंमत करून ठेवलीय.

(दृश्य: कागदावर मोठ्या अक्षरात 'म'. डोक्यावर हळूच एक उभी रेघ ओढली जाते.)

हा म. डोक्यावर उभी रेघ. भातखंडे पद्धतीत हा झाला तीव्र मध्यम. पलुस्कर पद्धतीत हाच झाला तार, म्हणजे वरच्या सप्तकातला मध्यम. स्वरावर टिंब दिलं, तर भातखंड्यांकडे तो तार सप्तकात चढतो, पलुस्करांकडे मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरतो. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, खाली म्हणजे जिथं टाळी न देता हात मोकळा सोडतात ती. भातखंडे समेला तिरपी फुली मारतात आणि खालीला शून्य घालतात. पलुस्कर समेला एक लिहितात आणि खालीला अधिकचं चिन्ह. आता घाईघाईत पोरांनी काढलेली फुली आणि अधिक यांत फरक तो कितीसा? सम कुठली, खाली कुठली, तपासणाऱ्याला कळेना.

आमच्या मुलीच्या वहीत पहिली वीस पानं एका पद्धतीत आहेत, पुढची दुसऱ्या. मधे बाई बदलल्या. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा समज असा, की आपणच विसरतो.

म्हणून शिक्षक शोधताना फीच्याही आधी विचारायचा प्रश्न हा: तुम्ही कोणत्या पद्धतीनं लिहिता, आणि दुसरी वाचता येते का?

पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यांनी आधी बोर्ड विचारावं. पियानो किंवा व्हायोलिनसाठी लंडनच्या असोसिएटेड बोर्डाची वाट धरली, तर सहाव्या ग्रेडच्या वादनाच्या परीक्षेआधी साधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी सोडवावी लागते. ट्रिनिटी या दुसऱ्या बोर्डाला तशी अट नाही. हे न विचारता शिकवणी लावली, की ऐन वेळी धावाधाव.

(दृश्य: गोव्यातलं चर्च. लाकडी बाक. व्हायोलिनच्या तारा पुसणारा हात.)

आणि एका म्यानात दोन तलवारी म्हणणाऱ्या काकांसाठी जरा गोव्यात डोकावू. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे मास्तर असायचे. हेच मेस्त्री मुलांना अक्षरं गिरवायला लावायचे, धर्मशिक्षण द्यायचे, सोल्फेज, म्हणजे डो-रे-मी म्हणून घ्यायचे आणि व्हायोलिनही हातात द्यायचे. वेगळे गणिताचे सर आणि वेगळ्या म्युझिकच्या मिस, ही चैन तिथं नव्हती. याच मातीतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात गेले. राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं.

परत पुण्यात.

(दृश्य: पेठेतला जुना वाडा. लाकडी जिना. वरून पेटीचा आवाज.)

पहिल्या बाई पेठेतल्या. वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून धारदार. त्यांनी चहा दिला, मुलीकडून यमन ऐकला आणि सरळ सांगितलं, 'गळा मी घडवीन. पण ते गणितबिणित मला विचारू नका हो. आणि तिगुन मी हातावर दाखवते, कागदावर तुमचं तुम्ही बघा.' खरं सांगणारं माणूस भेटलं म्हणून आई खूश झाली. काम मात्र झालं नाही.

मग एक क्लास. नाव नको. भिंतीवर निकालाचे फलक, वर्गात चाळीस मुलं. थिअरीच्या झेरॉक्स नोट्स तयार. नादाची व्याख्या चार ओळींत, पाठ करा. श्रुतीची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, तीन ओळींत, पाठ करा. आम्ही तिथल्या एका मुलाला विचारलं, 'श्रुती किती?' लगेच उत्तर आलं, 'बावीस.' 'एखादी ऐकव.' तो हसला. आम्हीही हसलो. बावीस ऐकवणं कुणालाच सोपं नाही, पण प्रश्न असा वळू शकतो हेच त्याला नवीन होतं.

एक पर्याय नेटवरचा. न्यू जर्सीतला मामेभाऊ पुण्यातल्या गुरुजींकडे झूमवर शिकतो. थिअरी पडद्यावरून छान जमते, ती वहीतच असते. पण दोघांनी एकदम टाळी वाजवायची म्हटलं, की आवाज उशिरा पोचतो. गुरुजींची सम पडून जाते, मग याची पडते. ताल शिकायला एकाच खोलीत बसायला हवं, असं तो मामेभाऊच सांगतो.

शेवटी शिक्षक सापडला तो तबल्याला शाई भरणाऱ्या काकांकडून. हे आधी सुचायला हवं होतं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला गावातला प्रत्येक वाजवणारा माहीत असतो. कोण तबल्याची चामड्याची वादी ओढताना चिडतो, कोण पैसे वेळेवर देतो, कोण पोरांना शिकवतो, सगळं. काका म्हणाले, 'एक मुलगा आहे. तबल्यात विशारद. फिजिक्समध्ये एमएस्सी करतोय. बोलत कमी.'

(दृश्य: दारात चप्पल काढणारा तरुण. खांद्याला पिशवी.)

तो आला पीएमपीच्या बसनं, वीस मिनिटं उशिरा. आईनं 'या सर' म्हटलं. तो मुलीला म्हणाला, 'सर नको, दादा म्हण.' गणिताचं पुस्तक पुढे केलं, ते त्यानं उघडलं नाही.

'झपताल म्हण. हातानं दाखव.'

धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. एक, तीन आणि आठवर टाळी, सहावर खाली. बरोबर.

'तालाचे बोल दहा. एका मात्रेत तीन बसवायचे. किती मात्रा लागतील?'

'तीन... आणि एक बोल उरतो.'

'तो किती मात्रेचा?'

बराच वेळ शांतता. कुकरही गप्प. मग हळूच, 'एक तृतीयांश?'

'म्हणजे तिगुन तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रांची. ती संपून समेवर यायचंय. मग सुरू कुठं करायची?'

तिनं चौकटींच्या वहीत वजाबाकी मांडली. दहातून तीन पूर्णांक एक तृतीयांश. उत्तर लिहिलं: सात पूर्णांक दोन तृतीयांश.

(दृश्य: वहीतलं उत्तर जवळून. कॅमेरा तिथंच थांबतो.)

चूक आहे. शाळेत इथं लाल रेघ पडते आणि तास पुढे जातो. दादा काहीच बोलला नाही. फक्त म्हणाला, 'चल, तिथून म्हणू.' तो मात्रा मोजत राहिला. तिनं आठव्या मात्रेच्या शेवटी तिगुन उचलली. धी, ना धी धी, ना ती ना... आणि धाडकन सम आली. तीन बोल तिच्या तोंडातच राहिले.

'गेली की सम!'

'किती बोल उरले?'

'तीन.'

'तीन बोल म्हणजे किती मात्रा?'

'एक.' आणि पुढच्या क्षणी तिनं स्वतःच खोडरबर उचलला. सात खोडून सहा. सहा पूर्णांक दोन तृतीयांश. पुन्हा म्हटलं. सातव्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागात पहिला धी पडला, आणि शेवटचा ना संपतो न संपतो तोच सम आली.

मग तिनं रेघांच्या वहीत लिहिलं. सातव्या मात्रेखाली दोन अवग्रह, म्हणजे रिकाम्या जागेच्या खुणा, आणि धी. आठवीखाली ना धी धी. नववीखाली ना ती ना. दहावीखाली धी धी ना.

आई ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातातला डाव तसाच राहिला होता.

पुढच्या खेपेला सायन्स. नववीच्या विज्ञानात 'ध्वनीचा अभ्यास' हे प्रकरण आहे, आणि संगीताच्या वहीचं पहिलंच पान नादाचं. सायन्स म्हणतं वारंवारिता, संगीत म्हणतं नादाची उच्चनीचता. सायन्स म्हणतं आयाम, संगीत म्हणतं नादाचा लहानमोठेपणा. ही वर्षभर दोन्ही स्वतंत्रपणे पाठ करत होती, वेगवेगळ्या विषयांची म्हणून.

(दृश्य: तंबोऱ्याची तार. मोजपट्टी. बोट तारेवरून सरकतं.)

थिअरीच्या पुस्तकांत एक जुना हिशोब असतो. छत्तीस इंचांची तार छेडली की षड्ज, म्हणजे सा. ती चोवीस इंचांवर दाबली की पंचम, म्हणजे प. अठरा इंचांवर, म्हणजे बरोबर मधोमध, वरच्या सप्तकातला षड्ज. आता षड्जाची आंदोलनं, म्हणजे सेकंदाची कंपनं, 240 धरली, तर पंचमाची किती? तार दोन तृतीयांश झाली, म्हणून आंदोलनं दीडपट: 360. तार निम्मी, म्हणून 480. दादानं हे सांगितलं नाही. घरातल्या तंबोऱ्याची तार मोजायला लावली. ती काही नेमकी छत्तीस इंच भरली नाही. मग तिला तिचे दोन तृतीयांश काढावे लागले. व्यस्त प्रमाण हा शब्द गणिताच्या पुस्तकात आहे, तो त्या दिवशी तंबोऱ्यावर सापडला.

पैशाचं बोलणं आपल्याकडे सगळ्यांनाच जड जातं. आईनं तीन दिवस टाळलं, त्यानंही. अखेर ठरलं तासावर, महिन्यावर नाही, कारण त्याच्याही परीक्षा असतात आणि तिच्याही. असं आधी ठरलेलं बरं. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीचे पैसे द्यायचे की नाहीत, यावरून चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली आम्ही पाहिलीत.

गळ्याचं काय? गाणं ती पेठेतल्या त्या बाईंकडेच शिकते, शनिवारी. दादानंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, 'गायकी मला विचारू नका.'

(दृश्य: रात्र. दिव्याखाली टेबल. दादा पिशवी उचलतो.)

आज शेवटची दहा मिनिटं रूपकाची होती. सात मात्रा. तिगुन किती मात्रांची, सुरू कुठून, ते तिनं दादाला न विचारता काढलंय. पाचव्या मात्रेखाली दोन अवग्रह आणि ती, पुढे ती ना धी, मग ना धी ना. दादानं पान बघितलं, मान हलवली आणि उठला. शेवटची बस सव्वानऊची.

तो दारात पोचला. एक चप्पल पायात गेली.

'दादा, एक मिनिट. रूपकाची सम खालीवरच येते ना?'

'हो.'

'मग पहिल्या मात्रेखाली फुली मारायची की शून्य घालायचं?'

दादानं घड्याळ बघितलं. मग चप्पल परत काढली.