ओठांच्या मलमातील मेण

कळव्यातील या स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन वस्तू मांडल्या आहेत: मधमाश्यांचे पिवळे मेण, खोबरेल तेल आणि गावाहून आलेला मुठेलाचा गोळा. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल. ते मुठीत दाबून वळतात, म्हणून हे नाव. या गोळ्यावर तर वळणाऱ्या हाताच्या चारही बोटांचे ठसे स्पष्ट दिसत आहेत. पायांच्या भेगांना आणि फुटलेल्या ओठांना मुठेल लावण्याची रीत कोकणात जुनी आहे.

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे ठाण्याच्या हवेत ते वर्षातील बहुतेक दिवस पातळच राहते आणि नुसत्या तेलाचे मलम डबीत ठरत नाही. मुठेल त्याहून घट्ट असले, तरी साधारण ४० अंशांच्या आसपास तेही वितळते. मधमाश्यांचे मेण मात्र ६२ ते ६५ अंशांपर्यंत टिकते; मलमाला आकार येतो तो त्याच्यामुळे.

येथे १० ग्रॅम मेण, १० ग्रॅम मुठेल आणि २० ग्रॅम खोबरेल असे प्रमाण घेतले आहे. पातेल्यात पाणी तापवून त्यावर कोरडी वाटी ठेवली आहे, कारण थेट आचेवर मेण करपते आणि पेटही घेऊ शकते. आधी मेण वितळवायचे, मग मुठेल, शेवटी तेल. आता पाहा: फ्रीजमध्ये गार केलेल्या चमच्यावर एक थेंब टाकला आहे. कडेपासून मध्यापर्यंत तो हळूहळू दुधाळ होत जातो. बोटाने दाबल्यावर तो चुरला, तर मेण जास्त झाले, थोडे तेल वाढवावे. बोटाला ओघळून चिकटला, तर चिमूटभर मेण आणखी घालावे. आमच्या मते कोणत्याही तक्त्यापेक्षा हा थेंब अधिक भरवशाचा आहे.

मधमाश्यांचे मेण नको असेल, तर मेक्सिकोतील झुडपापासून मिळणारे कँडेलिला मेण वापरता येते, परंतु ते अधिक कडक असल्याने निम्म्यापासून सुरुवात करावी. ब्राझीलच्या ताडापासून मिळणारे कार्नौबा त्याहूनही कडक असते. ते ८० अंशांच्या वर वितळते, म्हणून किंचितच पुरते.

मेणाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा जिलेटिन चालत नाही, कारण त्यांना घट्टपणा आणण्यासाठी पाणी लागते. तेलात ते विरघळत नाहीत, तळाशी बसतात. आणि पाणी घातले, की बुरशीला वाट मिळते. घरातील मेणबत्ती किसून घालणे तर कटाक्षाने टाळावे. प्रसाधनांसाठी शुद्ध केलेले पॅराफिन (मेणबत्त्यांत सहसा असते ते मेण) वेगळे आणि रंग-सुगंध मिसळलेली मेणबत्ती वेगळी. ओठांवरचे मलम बोलता-खाताना थोडे पोटातही जाते, म्हणून पाकिटावर ‘प्रसाधनांसाठी’ असा स्पष्ट उल्लेख असलेलेच मेण घ्यावे, एवढा आग्रह आम्ही धरतो. ओठांची आग झाली किंवा सूज आली, तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता वाटी उतरवली आहे. मिश्रण कोरड्या डब्यांत ओतले जात आहे आणि प्रत्येक झाकणावर आजची तारीख लिहिली जात आहे. मधोमध अजून पातळ दिसणारी ही डबी पूर्ण निवल्यावरच झाकायची आहे, कारण झाकणाला धरलेली वाफ पाणी होऊन आतच ठिबकते.